घोणसीची साक्ष

घोणस चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात आला की डॉक्टर एक साधी तपासणी करतात. दोन-तीन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी २० मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त घट्ट बसलं असेल तर थोडा दिलासा. ते ओघळलं तर विष भिनलं आहे असं समजून प्रतिसर्पविष लगेच सुरू करायचं.

यावरून घोणसीचं विष रक्त पातळ करतं असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते रक्त गोठवतं, आणि इतक्या सपाट्याने गोठवतं की गोठायला लागणारी प्रथिनंच थोड्या वेळात संपून जातात. मग हिरड्यांतून, लघवीवाटे, दातांच्या खुणेतून रक्त येत राहतं, कारण ते थांबवायला अंगात काही शिल्लकच नसतं.

आता एक वेगळा रुग्ण पाहू. तिशीतली बाई, तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भ टिकला नाही. किंवा धडधाकट तरुण, एके दिवशी पोटरी सुजली आणि डॉपलर सोनोग्राफीत खोल शिरेत गुठळी दिसली. अशा काही जणांच्या रक्तात विशिष्ट प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, सापडतात. नवल असं की ज्यांच्या अंगात नको तिथे गुठळ्या होतात, त्यांचं रक्तद्रव प्रयोगशाळेच्या नळीत मात्र नेहमीपेक्षा उशिरा गोठतं.

म्हणजे विष रक्त गोठवतं आणि माणूस रक्तस्रावाने जातो. प्रतिपिंडं गोठणं लांबवतात आणि माणसाला गुठळी होते. प्रयोगशाळेने या दोन उफराट्या गोष्टी एकाच नळीत समोरासमोर आणल्या आणि त्यातून एक निदान उभं केलं. अहवालावर ते ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंट, डीआरव्हीव्हीटी’ अशा घशात अडकणाऱ्या नावाने येतं. त्यातली ‘आरव्हीव्ही’ ही अक्षरं म्हणजे रसेल्स व्हायपर व्हेनम, अर्थात आपल्या घोणसीचं विष.

हे विष तिथे काय करतं, ते कळायला आधी रक्त कसं साकळतं ते पाहावं लागेल. रक्तद्रवात साकळण्याची डझनभर प्रथिनं निजलेल्या अवस्थेत फिरत असतात. ओळखायला त्यांना क्रमांक दिले आहेत. जखम झाली की एक प्रथिन दुसऱ्याला छाटून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीवर जागा झालेला एक रेणू पुढच्या कितीतरी रेणूंना जागं करत जातो. शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. ते फायब्रिनोजेनचे फायब्रिन धागे करतं आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्त अडकून बसतं.

मात्र ही प्रथिनं रक्तात मोकळी तरंगत असताना त्यांचं काम फार संथ चालतं. त्यांना टेकायला जागा लागते. ती जागा म्हणजे फॉस्फोलिपिड, पेशींचं आवरण ज्यांचं बनलेलं असतं ते स्निग्ध रेणू. यातले ऋणभार असलेले रेणू एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला दडलेले असतात. प्लेटलेट चेतली की ते बाहेरच्या बाजूला येतात आणि कॅल्शियमच्या मदतीने प्रथिनं त्यांच्यावर येऊन बसतात. मळणीला खळं लागतं तसंच हे आहे. कणसं, बैल, माणसं सगळं हजर असलं तरी सारवलेल्या खळ्यावर एकत्र आल्याशिवाय दाणे निघत नाहीत. दहावा आणि पाचवा घटक या पृष्ठभागावर शेजारी शेजारी बसले की थ्रॉम्बिन बनण्याचा वेग लाखो पटींनी वाढतो.

आपल्याला शोधायची ती प्रतिपिंडं हे खळंच अडवून बसतात. घटक सगळे शाबूत, पण बसायला जागा नाही, म्हणून नळीतलं काम रेंगाळतं. तेव्हा खळं मोकळं आहे की अडलेलं, एवढंच तपासायचं आहे. त्यासाठी अशी युक्ती हवी, जी वरच्या पायऱ्यांच्या भानगडीत न पडता थेट खळ्यावर काम सुरू करील. ती युक्ती निसर्गात आधीपासूनच होती, सापाच्या विषग्रंथीत.

पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात निसर्गअभ्यासक म्हणून काम करत होता. कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा करून त्याने १७९६ मध्ये त्यांच्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी घोणसीच्या शास्त्रीय नावात रसेलचं नाव आलं, ते आजही आहे. त्यानंतर जवळजवळ १४० वर्षांनी, १९३४ मध्ये, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या रॉबर्ट ग्विन मॅकफार्लेन या तरुण डॉक्टरने बर्गेस बार्नेट यांच्यासोबत एक अजब शोध जाहीर केला. बार्नेट लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रमुख होते. दोघांनी वेगवेगळ्या सापांची विषं रक्तावर टाकून पाहिली. हिमोफिलियाच्या रुग्णाचं रक्त एरवी गोठता गोठत नाही, पण घोणसीचं विष हजारो पट पातळ करून त्यात टाकलं तरी ते बघता बघता गोठलं. पुढे दात काढल्यावर रक्त थांबत नसलेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांच्या हिरडीवर या विषाचं पातळ द्रावण लावण्याचा उपचारही निघाला.

हिमोफिलियात बहुधा आठवा घटक कमी असतो. घोणसीच्या विषाला त्याची गरजच पडत नाही. त्यातलं एक एन्झाइम वरच्या सगळ्या पायऱ्या ओलांडून सरळ दहाव्या घटकाला छाटतं आणि जागं करतं. साकळण्याची प्रथिनं एकामागून एक कशी जागी होतात आणि प्रत्येक पायरीवर परिणाम कसा वाढत जातो, हे चित्र १९६४ मध्ये मांडणाऱ्यांतही हेच मॅकफार्लेन होते.

पेरुमल त्यागराजन, व्हित्तोरियो पेंगो आणि सँडॉर शपिरो यांनी १९८६ मध्ये याच गुणाचा वापर करून प्रतिपिंडं शोधायची चाचणी मांडली. तिची करामत मोजमापात आहे. विष मुद्दाम अगदी पातळ घ्यायचं आणि फॉस्फोलिपिडही मुद्दाम तुटपुंजं ठेवायचं, म्हणजे खळं इतकं लहान की थोडी अडवणूक झाली तरी लगेच लक्षात यावी. शरीराइतक्या ऊबेत, ३७ अंश सेल्सिअसला, रुग्णाचं रक्तद्रव, विष, फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम एकत्र आले की घड्याळ सुरू. निरोगी माणसाचं रक्तद्रव साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात गोठतं. गोठण्याचा क्षण टिपायच्या तऱ्हाही गमतीदार आहेत. काही यंत्रं नळीतून प्रकाश सोडतात आणि द्रव गढूळ झाला की वेळ नोंदवतात. काही यंत्रांत पोलादाची चिमुकली गोळी चुंबकाने सतत डोलवत ठेवतात. फायब्रिनचे धागे पडू लागले की गोळीचं डोलणं मंदावतं आणि घड्याळ थांबतं.

वेळ जास्त लागला म्हणजे प्रतिपिंडं सापडली, असं मात्र नाही. उशीर दोन कारणांनी होऊ शकतो. एखादा घटक मुळातच कमी असेल किंवा कुणीतरी अडवत असेल. म्हणून दुसरी पायरी: रुग्णाच्या रक्तद्रवात तितकंच निरोगी रक्तद्रव मिसळायचं. घटक कमी असेल तर निरोगी रक्तद्रव ती तूट भरून काढतं आणि वेळ पूर्ववत होतो. अडवणारी प्रतिपिंडं असतील तर ती निरोगी रक्तद्रवालाही अडवतात आणि उशीर कायम राहतो. मग तिसरी पायरी: तीच चाचणी, पण आता भरपूर फॉस्फोलिपिड घालून. खळंच इतकं ऐसपैस केलं की थोडी प्रतिपिंडं आडवी पडली तरी मळणी अडत नाही. कमी फॉस्फोलिपिडवर रेंगाळलेलं रक्तद्रव जास्त फॉस्फोलिपिडवर झटकन गोठलं, तर अडवणूक खळ्याचीच होती हे सिद्ध होतं. प्रतिपिंड कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. त्याच्या वागण्यावरून ते ओळखलेलं असतं. सगळीच प्रतिपिंडं एका चाचणीत सापडत नाहीत म्हणून घोणसीच्या विषाशेजारी एपीटीटी ही साकळण्याची दुसऱ्या प्रकारची चाचणीही करतात.

या प्रतिपिंडांचा पहिला माग लागला तो मात्र भलत्याच रोगाच्या तपासणीत. १९०६ मध्ये बर्लिनच्या वासरमान यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरमीची, म्हणजे सिफिलिसची, रक्तचाचणी काढली. ती करायला आधी रोगट अवयवाचा अर्क वापरत. लवकरच लक्षात आलं की निरोगी अवयवाचा अर्कही चालतो, अगदी बैलाच्या हृदयाचासुद्धा. १९४१ मध्ये अमेरिकेत मेरी पॅंगबॉर्न यांनी त्या हृदयातून नेमका कामाचा पदार्थ वेगळा काढला. तो एक फॉस्फोलिपिड होता आणि हृदयातून मिळाला म्हणून त्याला कार्डिओलिपिन म्हणू लागले. आपल्याकडे गरोदरपणात होणारी व्हीडीआरएल चाचणी याच पदार्थावर चालते.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तेव्हा लग्नाआधी ही तपासणी सक्तीची होती. हजारो माणसं तपासली गेली आणि काहींचा अहवाल गरमीचा आला, ज्यांना गरमी असण्याचा काही संबंध नव्हता. जिवंत जंतूवर चालणारी जास्त नेमकी चाचणी १९४९ मध्ये आली आणि हे अहवाल खोटे असल्याची खात्री झाली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मूर आणि मोर यांनी अशा लोकांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात ल्युपससारखे, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे, आजार जास्त दिसले. त्याच संस्थेत १९५२ मध्ये कॉन्ले आणि हार्टमन यांनी ल्युपसच्या दोन रुग्णांच्या रक्तात गोठणं लांबवणारा काहीतरी पदार्थ असल्याचं नोंदवलं. त्या दोघांना रक्तस्रावाचा त्रास होता, त्यामुळे पुढची काही वर्षं सगळ्यांची नजर रक्तस्रावावरच खिळून राहिली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना उलट गुठळ्याच होतात, हे निदर्शनास आणलं.

हे सगळे धागे एकत्र आले ते १९८३ मध्ये, लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात. ग्रॅहम ह्यूज यांच्या गटातल्या नायजेल हॅरिस यांनी कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं थेट मोजायची संवेदनशील पद्धत तयार केली. गुठळ्या, वारंवार गर्भपात आणि ही प्रतिपिंडं यांचं त्रिकूट म्हणजे एक स्वतंत्र आजार आहे हे ह्यूज यांनी मांडलं. त्यालाच आज अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात एपीएस म्हणतात. त्या पद्धतीचं आजचं रूप म्हणजे एलायझा: प्लास्टिकच्या तबकडीतल्या चिमुकल्या खळग्यांना कार्डिओलिपिनचा लेप देतात, त्यात रुग्णाचं रक्तद्रव घालतात, चिकटलेली प्रतिपिंडं रंगाने दाखवतात आणि रंग जितका गडद तितका आकडा मोठा.

मात्र १९९० मध्ये या साऱ्या कल्पनेलाच हादरा बसला. ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स आणि जपान इथल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ही प्रतिपिंडं शुद्ध केली तर ती कार्डिओलिपिनला चिकटतच नाहीत. त्यांना रक्तातलं आणखी एक प्रथिन लागतं, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन १. फॉस्फोलिपिडवर आधी हे प्रथिन बसतं आणि प्रतिपिंड त्या प्रथिनाला पकडतं. मग इतकी वर्षं चाचण्या चालल्या कशा? कारण चाचणीच्या द्रावणात गाई-वासरांचं सीरम घालण्याची पद्धत होती आणि ते प्रथिन त्यातून आपसूक मिळत होतं. ज्या आजाराचं नावच फॉस्फोलिपिडवर बेतलं, त्यातलं खरं लक्ष्य बहुतेक वेळा हे प्रथिन निघालं. म्हणून आज तीन तपासण्या एकत्र मागवतात: घोणसीच्या विषाची आणि तिच्या जोडीची साकळण्याची चाचणी, कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनविरोधी प्रतिपिंडं. तिन्ही पॉझिटिव्ह असतील तर गुठळीचा धोका सर्वांत जास्त.

मग नळीत उशीर आणि अंगात घाई, असं का? नळीत फक्त रक्तद्रव असतं आणि फॉस्फोलिपिड मोजकं. शरीरात रक्तवाहिन्यांचं जिवंत अस्तर असतं, प्लेटलेट्स असतात, पांढऱ्या पेशी असतात. प्रतिपिंडं या पेशींवर बसून त्यांना चेतवतात. एरवी गुळगुळीत असणारं अस्तर चिकट होतं, प्लेटलेट्स खवळतात, प्रतिकारयंत्रणेतली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनंही कामाला लागतात. खळी जागोजाग उघडी पडतात आणि त्यांच्यापुढे थोडी अडवणूक किरकोळ ठरते. गरोदरपणात हीच प्रतिपिंडं वारेच्या पेशींवर बसतात, त्यामुळे वार नीट रुजत नाही किंवा बाळाला पुरेसा रक्तपुरवठा होत नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या नेहमीच्या तपासणीत एपीटीटी लांबलेला दिसला की रक्तस्राव होईल या भीतीने शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. पण त्या उशिराचं कारण ल्युपस अँटिकोॲग्युलंट निघालं, तर बहुतेक वेळा जपायचं असतं ते गुठळीपासून. लहान मुलांत सर्दी-तापानंतर ही प्रतिपिंडं काही काळ दिसतात आणि आपोआप जातातही.

इतक्या नाजूक चाचणीला फसवणंही सोपं आहे. रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यातलं सोडियम सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि रक्त गोठू देत नाही. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं असतं, म्हणून नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आकडा चुकतो. मग ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवतात, कारण मागे राहिलेल्या प्लेटलेट्स रक्तद्रव साठवणीसाठी थंडीत गोठवताना फुटल्या तर त्यांचं फॉस्फोलिपिड बाहेर येतं, खळं मोठं होतं आणि प्रतिपिंडं लपून जातात. याहून मोठा घोटाळा औषधांचा. रिव्हरॉक्साबानसारखी रक्त पातळ करणारी नवी गोळी जाग्या झालेल्या दहाव्या घटकालाच रोखते. घोणसीचं विष नेमकं तोच घटक जागा करतं, त्यामुळे गोळी चालू असताना प्रतिपिंडं नसूनही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

यावर तोडगा काढताना प्रयोगशाळा पुन्हा सापांकडेच वळल्या. ऑस्ट्रेलियातल्या ताइपान सापाचं विष दहाव्या घटकालाही ओलांडतं आणि थेट प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे थ्रॉम्बिनच्या निजलेल्या रूपाला, जागं करतं, पण त्याला फॉस्फोलिपिड लागतं. फुरशाच्या विषातलं इकॅरिन नावाचं एन्झाइमही प्रोथ्रॉम्बिनला जागं करतं, मात्र त्याला फॉस्फोलिपिडची गरज नाही. एकच काम करणारी दोन विषं, एकाला खळं हवं, दुसऱ्याला नको. ताइपानच्या विषाने उशीर आणि इकॅरिनने वेळेत, असं झालं तर अडवणूक खळ्याचीच, मग रुग्ण ती गोळी घेत असला तरी. कोकणातल्या सड्यांवर जांभ्या दगडाखाली दडणारं फुरसं आणि शेताच्या बांधावरची घोणस, या दोघांनीही या निदानात हातभार लावला आहे. मुंबईत परळच्या आचार्य दोंदे मार्गावर प्रतिसर्पविषासाठी ओळखली जाणारी हाफकिन संस्था आहे आणि तिथेच केईएम रुग्णालयाच्या आवारात साकळण्याच्या विकारांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थाही आहे.

एवढा खटाटोप कामी येतो, कारण निदान झालं की उपाय आहेत. लंडनमध्ये १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारंवार गर्भपात झालेल्या आणि ही प्रतिपिंडं असलेल्या बायकांना नुसती ॲस्पिरिन दिली तेव्हा ४२ टक्के गरोदरपणांत जिवंत बाळ जन्मलं. ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिन दिलं तेव्हा हे प्रमाण ७१ टक्के झालं. गुठळी होऊन गेलेल्यांना बहुधा वॉरफेरिन गटातली गोळी दीर्घकाळ घ्यावी लागते. तिन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेल्यांना रिव्हरॉक्साबान पुरेशी पडत नाही, हे इटलीत पेंगो यांच्याच नेतृत्वाखालच्या चाचणीत २०१८ मध्ये स्पष्ट झालं. रिव्हरॉक्साबान घेणाऱ्यांत गुठळ्या जास्त होऊ लागल्याने ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणजे कोणती गोळी चालेल हेही या अहवालावर ठरतं.

म्हणून वाचकांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अहवालावर ‘ल्युपस’ शब्द दिसला म्हणून ल्युपस झाला असं समजू नका. हे प्रतिपिंड असलेल्या पुष्कळांना तो आजार कधीच नसतो. निरोगी माणसांतही शंभरात काही जणांकडे ही प्रतिपिंडं थोड्या प्रमाणात असतात, म्हणून गुठळी किंवा गर्भपाताचा इतिहास नसताना हौसेने ही तपासणी करू नका. रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा, पण डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नका. ताप, संसर्ग किंवा ताजी गुठळी असताना आलेल्या निकालावर विसंबू नका. पहिला अहवाल पॉझिटिव्ह आला तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासा. दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आल्याशिवाय एपीएसचं निदान पक्कं होत नाही. आणि ते पक्कं झालं तर दोन्ही अहवाल जपून ठेवा. पुढे बाळंतपण असो, शस्त्रक्रिया असो किंवा नुसती औषधाची चिठ्ठी बदलायची असो, डॉक्टरांना ते सगळ्यात आधी दाखवा.